शिल्पापुढे उभे राहताना : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात शिल्पांविषयीची पत्रे बरीच आहेत. सुट्टीच्या दिवसांत अनेक कुटुंबे संग्रहालयांत जाऊन आलेली दिसतात. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील प्रश्न बाकीच्या प्रश्नांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी मुंबईतील पाहायची राहून गेलेली ठिकाणे पाहत आहोत. मध्यंतरी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तेथील शिल्पदालनात ऐहोळेहून आणलेला ब्रह्मदेवाचा एक मोठा शिल्पपट आहे. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभा राहिलो आणि बाकीची दालने पाहून झाल्यावर पुन्हा तेथेच आलो. घरी परतल्यावर मुलीने विचारले, ‘बाबा, त्यात एवढे काय होते?’ मला एक धड वाक्य सांगता आले नाही. शिल्प पाहण्याची काही रीत असते का, की ज्याला कळते त्यालाच ते कळते?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : रीत असते आणि ती कोणालाही शिकता येते. आपण ज्या शिल्पापुढे थांबलात, तेच ती शिकण्यासाठी फार चांगले आहे. म्हणून सामान्य नियम सांगण्याऐवजी त्या एका शिल्पपटाविषयीच आधी लिहितो.

ऐहोळे हे आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गाव. बदामीच्या चालुक्यांच्या काळात तेथे कितीतरी देवळे उभी राहिली. ब्रह्मदेवाचा हा पट त्यांपैकी एका देवळातला, सातव्या शतकाच्या सुमाराचा आहे. कमळावर बसलेला चतुर्मुख ब्रह्मदेव आणि त्याच्या भोवती ऋषी, अशी त्याची रचना आहे. चतुर्मुख असला तरी आपल्याला तीनच मुखे दिसतात. चौथे मागे आहे असे पाहणाऱ्याने समजून घ्यायचे असते. संग्रहालयात हा पट आपल्या डोळ्यांसमोर उभा केलेला आहे, त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट सहज निसटून जाते. हा पट भिंतीवरचा नाही. तो देवळाच्या छताचा, म्हणजे वितानाचा भाग होता. ज्या शिल्पकाराने तो कोरला, त्याच्या मनातला प्रेक्षक मंडपात उभा राहून, मान मागे टाकून, वर पाहणारा होता.

एवढे लक्षात आले की त्या शिल्पातील अनेक गोष्टींचा उलगडा होऊ लागतो. देवळाच्या मंडपात वरून प्रकाश येत नाही. तो दारातून आत येतो, फरशीवर पडतो आणि तेथून परतून छताकडे जातो. म्हणजे छतावरच्या मूर्तीला उजेड खालून मिळतो आणि तोही मंद. अशा उजेडात उथळ कोरीव काम हरवून जाईल. म्हणून अंगे ठळक उचलून घ्यावी लागतात, खांदे, गुडघे आणि मुखे पृष्ठभागापासून चांगली बाहेर काढावी लागतात आणि मधली आकृती भोवतीच्या आकृतींपेक्षा मोठी ठेवावी लागते, म्हणजे अंधुक प्रकाशातही नजर प्रथम तिच्यावरच जाते. आपल्याला त्या पटात जी भारदस्त शक्ती जाणवली असेल, तिचा बराचसा भाग या गरजेतून आलेला आहे. लांबून आणि खालून दिसण्यासाठी घडवलेली वस्तू आपण दोन-तीन हातांवरून, समोरून पाहत होता. तिचा जोर तेथे दुपटीने अंगावर येणारच.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की हे शिल्प मुळात कोठे होते. संग्रहालयातील पाटीवर गावाचे नाव आणि शतक असते, पण शिल्पाची जागा बहुधा आपल्यालाच शोधून काढावी लागते. त्याच्या खुणा दगडावरच असतात. मूर्तीच्या बाजूला जाऊन तिची पाठ पाहावी. पाठ सपाट आणि ओबडधोबड सोडलेली असेल, तर ती मूर्ती भिंतीतील देवकोष्ठात, म्हणजे कोनाड्यात, बसवलेली होती. पाठही पूर्ण कोरलेली असेल, तर तिच्याभोवती फिरून पाहण्याची सोय होती किंवा तशी अपेक्षा होती. मूर्तीची नजर कोठे आहे तेही पाहावे. पापण्या खाली झुकलेल्या असतील आणि समोर उभे राहूनही तिची आपली दृष्टिभेट होत नसेल, तर ती मूर्ती आपल्यापेक्षा उंचावर बसत असण्याचा संभव मोठा. अशा वेळी संकोच न करता जवळच्या बाकावर बसावे आणि तेथून वर पाहावे. चेहरा बदलतो. हे कितीही वेळा अनुभवले तरी मला त्याचे नवल वाटणे थांबलेले नाही.

दुसरा प्रश्न दगडाचा. ऐहोळेचा दगड वालुकाश्म आहे, उबदार रंगाचा आणि टाकीला तुलनेने लवकर वश होणारा. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट याच्या उलट स्वभावाचा आहे: कठीण, गडद आणि प्रकाश गिळून टाकणारा. काळ्या पाषाणाची मूर्ती समोरून पाहिली तर तपशील एकमेकांत मिसळून जातात. थोडे बाजूला सरकून, प्रकाश जेथून तिरका येतो त्या दिशेचा अंदाज घेऊन पाहिले, तर दागिन्यांच्या कडा, वस्त्राच्या चुण्या आणि ओठांची रेषा एकेक करून वर येतात. फिकट दगड आणि काळा दगड यांतील फरक पाहण्यासाठी खरे तर आत जाण्याचीही गरज नाही. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली या संग्रहालयाची इमारतच कुर्ल्याच्या निळसर काळ्या बेसाल्टची आणि मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. १९०५ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि १९२२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पुढच्या वेळी आत शिरण्यापूर्वी बागेत थोडे थांबून दोन्ही दगडांवरचे कोरीव काम पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

तिसरी गोष्ट शरीराची. मूर्ती उभी असेल तर तिचा भार कोणत्या पायावर आहे हे पाहावे. एका पायावर भार आला की त्या बाजूचा नितंब वर जातो, खांदा खाली येतो, मान किंचित कलते आणि सगळ्या देहातून एक वळण जाते. याच ठेवणीला आपण त्रिभंग म्हणतो. दोन्ही पायांवर सारखा भार असलेली समभंग मूर्ती स्थिर आणि राजस दिसते. हे समजण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतः तसे उभे राहून पाहणे. लोक पाहतील म्हणून लाजू नये. देहाला कळले की डोळ्यांना लगेच कळते. आपला ब्रह्मदेव बसलेला आहे, म्हणून त्याच्या बाबतीत भार पाहण्याऐवजी पाठीचा कणा पाहावा, गुडघ्यांची रुंदी पाहावी आणि चारही हात एकमेकांना न अडखळता कसे उगवले आहेत ते पाहावे. खांद्यापासून दोनऐवजी चार हात निघणे हे निसर्गात नाही, तरी ते अस्वाभाविक वाटू न देणे ही आपल्या शिल्पकारांची केवढी मोठी सिद्धी आहे!

नेरुळला राहणाऱ्या आपल्याला याच दृष्टीने आणखी एक शिल्प पाहण्यास सुचवतो. ते संग्रहालयात नाही, मूळ जागीच आहे, आणि म्हणूनच ते पाहिल्यावर संग्रहालयातील शिल्पे अधिक समजतात. घारापुरी बेट उरण तालुक्यात मोडते. तेथील मोठ्या लेण्यातील सदाशिवाची मूर्ती सहाव्या शतकातील आहे. आपण तिला त्रिमूर्ती म्हणतो, पण ती ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची नसून एकट्या शिवाचीच तीन मुखे दाखवते. मधले मुख शांत आणि आत वळलेले, आपल्या डाव्या हाताचे उग्र, मिशा असलेले, हातात सर्प धरलेले आणि उजव्या हाताचे कोमल, स्त्रीसुलभ, हातात कमळ असलेले. डोक्यापासून छातीपर्यंतच कोरलेली ही मूर्ती १८ फुटांच्या आसपास उंच आहे. लेण्याचे मुख्य दार उत्तरेला आणि मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत आहे. शिवाय पूर्व आणि पश्चिम या बाजूही उघड्या आहेत. त्यामुळे दिवस जसा पुढे सरकतो, तसा उग्र आणि कोमल मुखांवरचा उजेड बदलत जातो. खांबांच्या रांगांमधून सरळ चालत मूर्तीपर्यंत जावे. वाटेत तिची भव्यता हळूहळू वाढते आणि शेवटच्या खांबापाशी पोहोचल्यावर मधला चेहरा सोडून दुसरे काही पाहणे कठीण होते. ही चाल शिल्पकारांनीच आखलेली आहे. संग्रहालयात आणलेल्या मूर्तीकडून ही वाट हिरावली जाते, आणि ती मनाने पुन्हा तिला द्यावी लागते.

राहिला आपल्या मुलीचा प्रश्न. तिला सांगण्यासाठी वाक्य शोधत बसू नये. तिला बरोबर घेऊन जावे, बाकीची सगळी दालने त्या दिवशी सोडून द्यावीत आणि त्या एका पटापुढे दोघांनी अर्धा तास काढावा. हा पट छतावर होता एवढेच तिला आधी सांगावे. जमल्यास एक वही आणि पेन्सिल न्यावी. चित्र चांगले येण्याची मुळीच आवश्यकता नाही. रेघ ओढण्यासाठी डोळ्यांना प्रत्येक वळणावर थांबावे लागते आणि त्या थांबण्यातूनच आवडण्याची कारणे हाताशी येतात. एका भेटीत सगळे संग्रहालय संपवण्याचा हव्यास हा शिल्प पाहण्याच्या वाटेतील सर्वांत मोठा अडथळा आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. एका संग्रहालयात विष्णूच्या जुन्या मूर्तीपुढे त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मूर्तीच्या पायांना हात लावण्यासाठी त्या पुढे झाल्या. तेथील रक्षकाने सर्वांदेखत त्यांना मोठ्याने दटावले. बरोबरची मुलेही हसली. त्या दिवसापासून त्या म्हणतात, ‘मला कशाला नेता अशा ठिकाणी, मला काय कळतंय त्यातलं.’ त्यांचे खरेच चुकले का?
— एक वाचिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : हात जोडले यात त्यांचे काहीही चुकले नाही. ज्याने ती मूर्ती घडवली, त्याने ती हात जोडण्यासाठीच घडवली होती, आणि संग्रहालयातील शेकडो माणसांत कदाचित सासूबाईच मूर्तीच्या मूळ प्रेक्षकाच्या सर्वांत जवळच्या होत्या. मुलांना हे आपण अवश्य समजावून सांगावे. दटावण्याची पद्धत चुकीचीच होती. वडीलधाऱ्या बाईंना हीच गोष्ट चार शब्दांत सौम्यपणे सांगता आली असती.

मात्र स्पर्श न करण्याचा नियम योग्य आहे आणि त्यामागचे कारण सासूबाईंना सांगितले, तर त्या तो मनापासून पाळतील. आपल्या हातांवर घाम, क्षार आणि तेलकटपणा असतो. एका माणसाच्या स्पर्शाने काही दिसत नाही, पण रोज अनेक हात लागले की दगडाच्या छिद्रांत तेल मुरते, तेथे धूळ धरते, रंग काळवंडतो आणि बारीक कोरीव काम गुळगुळीत होत जाते. ब्राँझच्या मूर्तीला घामातील क्षार अधिकच घातक असतात, कारण त्यांमुळे धातू गंजू लागतो आणि सुरू झालेला गंज आत पसरतो. जत्रेच्या देवळांतील उंबरठे आणि नंदीची पाठ कशी झिजते, हे सासूबाईंनी पाहिलेलेच असेल. पूजेतील मूर्तीच्या बाबतीत ती झीज भक्तीचाच भाग म्हणून आपण स्वीकारतो. संग्रहालयातील मूर्ती पुढच्या पिढ्यांसाठी आहे तशी राखून ठेवण्याची जबाबदारी घेतलेली असते, म्हणून तेथे नियम वेगळा आहे.

‘मला काय कळतंय’ हे त्यांचे म्हणणे मात्र खोडून काढले पाहिजे. पुढच्या वेळी विष्णूच्या मूर्तीपुढे त्यांना चार हातांतील आयुधांचा क्रम विचारावा. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चारच आयुधे, पण ती कोणत्या हातात आहेत यावरून विष्णूची चोवीस रूपे वेगवेगळी ओळखतात, आणि ही चोवीस रूपे म्हणजे संध्येच्या आचमनात येणारी केशव, नारायण, माधव, गोविंद ही नावे. घरात कोणी संध्या करणारे असेल, तर ती त्यांच्या कानांवरून असंख्य वेळा गेली असतील. खालच्या उजव्या हातात पद्म, वरच्या उजव्या हातात शंख, वरच्या डाव्या हातात चक्र आणि खालच्या डाव्या हातात गदा असेल, तर ती केशवाची मूर्ती. येथे उजवा-डावा हात म्हणजे मूर्तीचा, आपला नव्हे. ग्रंथांमध्ये या क्रमांबाबत काही ठिकाणी मतभेद आहेत, तरी केशवापासून सुरुवात करण्यास हरकत नाही. मुलांनी आयुधे ओळखून सांगावीत आणि आजीने नाव सांगावे, असा क्रम ठेवला तर दालनातील चित्र पालटून जाईल.

या निमित्ताने पूजा आणि संग्रहालय यांच्या सीमेवर उभे असलेले एक विलक्षण शिल्प सांगतो. १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना एक प्रचंड शिळा सापडली. अकरा फुटांहून अधिक उंचीच्या त्या एकाच दगडात शिवाच्या सात आकृती आहेत. मधला शिव उभा आहे, त्याच्यामधून वर दुसरा आणि त्याच्याही वर तिसरा उगवतो, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन आकृती फांद्या फुटाव्यात तशा बाहेर झेपावतात. खाली वाद्ये वाजवणारे गण आहेत. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शिल्प परळ येथे बारादेवीच्या देवळात आहे आणि त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. देवळात शिव म्हणून हात जोडावेत आणि संग्रहालयात शांतपणे एकेका आकृतीचा उगम शोधावा, अशी दोन्ही प्रकारची सोय एकाच शिल्पाच्या बाबतीत क्वचितच मिळते. सासूबाईंना दोन्ही ठिकाणी न्यावे. आधी देवळात.

प्रश्न : मी कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाचे छायाचित्र पाहून मी भारावून गेले होते. ते मुळात प्लॅस्टरमध्ये केलेले आहे, हे कळल्यावर मात्र थोडा हिरमोड झाला. प्लॅस्टरचे शिल्प दगडी किंवा ब्राँझच्या शिल्पापेक्षा कमी दर्जाचे मानावे का?
— एक विद्यार्थिनी, खारघर

उत्तर : मानू नये. म्हात्रे यांनी हे शिल्प एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना केले. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी हा त्याचा विषय. त्या वयाच्या विद्यार्थ्याने आपल्या घरातील, आपल्या वाटेवरील स्त्रीला शिल्पाचा विषय करावे आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेऊन तिच्या नेसण्याची एकेक चुणी जिवंत करावी, याचा त्या काळी मोठा गौरव झाला. रवींद्रनाथ ठाकुरांनीही या शिल्पाविषयी बंगालीत लिहिले.

प्लॅस्टरचे स्थान समजण्यासाठी शिल्प कसे होते ते पाहावे. शिल्पकार आधी मातीत काम करतो. त्याच्या बोटांचा आणि कोरणीचा प्रत्यक्ष स्पर्श तेथेच असतो. ओली माती टिकत नाही, वाळताना तडकते, म्हणून तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात आणि त्या साच्यातून प्लॅस्टरची मूर्ती काढतात. पुढे पैसा आणि मागणी असेल, तर त्यावरून ब्राँझचे ओतकाम होते किंवा संगमरवरात कोरून घेतले जाते, आणि ही कामे पुष्कळदा दुसरे कारागीर करतात. म्हणजे कलावंताच्या हाताच्या सर्वांत जवळ असलेली टिकाऊ अवस्था ही प्लॅस्टरचीच असते. त्याचे वैगुण्य एवढेच की ते ठिसूळ असते, ओल सोसत नाही आणि रंगवले तर पृष्ठभागाचा नाजूकपणा जातो. अशी शिल्पे जपण्यासाठी अधिक काळजी लागते, कमी नव्हे.

ठाणे जिल्ह्यातले एक उदाहरण ध्यानात ठेवावे. १८६८ मध्ये सरकारने अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाचित्रे आणि तेथील कोरीव कामाचे साचे करवून घेतले. त्यानंतर त्या मंदिरावर दीडशेहून अधिक पावसाळे गेले. झिजत चाललेल्या दगडाच्या बाबतीत जुना साचा हाच कधी कधी सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरतो.

सवड काढून अलिबागजवळच्या सासवणे येथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे शिल्पालयही पाहावे. नवी मुंबईहून रस्त्याने जाता येते, आणि मुंबईहून जलमार्गाने मांडव्याला उतरले तर सासवणे तेथून जवळच आहे. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा करणाऱ्या या शिल्पकाराची वेगवेगळ्या माध्यमांतील कामे त्यांच्याच घरात एकत्र पाहायला मिळतात. तेथे सिमेंटमधले काम पाहिल्यावर माध्यमाच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्न आपल्याला पुन्हा पडणार नाही, असे मला वाटते.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका शाळेत सातवीचा वर्ग शिकवते. मुलांना शिल्पकला दाखवण्यासाठी सहल न्यायची आहे, पण खर्च फार नको, आणि ‘दगडाच्या मूर्ती पाहून मुलांना काय मिळणार’ असे काही पालकांचे म्हणणे आहे. कोठे न्यावे आणि तेथे मुलांकडून काय करून घ्यावे?
— एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : ऐरोलीहून ठाणे आणि ठाण्याहून मध्य रेल्वेने भायखळा, एवढाच प्रवास करावा. राणीच्या बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. मुलांना आधी त्याच्यापाशी न्यावे, कारण त्याची हकिकत ऐकल्यावर ती दगडाकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

हा हत्ती घारापुरी बेटावर किनाऱ्याजवळ होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलण्याचा प्रयत्न केला, त्या खटपटीत तो पडून फुटला. त्याचे तुकडे या बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. मुलांना हत्तीभोवती सावकाश फेरी मारायला लावावी आणि सांधे शोधायला सांगावेत. कोठे जोडले आहे, कोणता भाग झिजला आहे, पाय एवढे जाड का ठेवले असतील, पोटाखालचा दगड पूर्ण का कोरला नसेल, असे प्रश्न ती आपण होऊन विचारू लागतात. एवढ्या वजनाचा दगड चार पायांवर तोलायचा म्हणजे काय, याचा विचार करताना त्यांचे विज्ञानही पक्के होते. पालकांच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसे व्हावे. एखाद्या वस्तूकडे दहा मिनिटे लक्ष देऊन पाहता येणे हे सातवीतल्या मुलासाठी लहानसहान शिक्षण नव्हे.

आत गेल्यावर प्रत्येक मुलाने आपल्याला आवडलेली एकच वस्तू निवडावी आणि तिचे चित्र काढावे. मूर्ती असेल तर तिच्यासारखे उभे राहून दाखवावे. छापील प्रश्नपत्रिका हातात देऊन त्यातील रकाने भरायला लावू नयेत. मुले मग पाट्या उतरवतात आणि वस्तूंकडे पाहतही नाहीत. संग्रहालय बुधवारी बंद असते. शाळेच्या गटासाठी आधी कळवून वेळ ठरवून घ्यावी.

दुसरी सहल अंबरनाथची. ठाण्याहून कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोकलने तेथे पोहोचता येते आणि खर्च त्याहूनही कमी. उत्तर कोकणचे शिलाहार राजे ज्या ठाण्यातून राज्य करत, त्याच ठाण्याच्या परिसरात आपली शाळा आहे, हे मुलांना सांगावे. या राजघराण्याच्या काळातील हे मंदिर असून त्यावरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. काळ्या बेसाल्टमधल्या भूमिज शैलीच्या, म्हणजे शिखरावर लहान शिखरांच्या ओळी असणाऱ्या घडणीच्या, या मंदिराच्या बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या आहेत आणि गर्भगृह मंडपाच्या बरेच खाली असल्याने पायऱ्या उतरून जावे लागते. भायखळ्यात मुलांनी एकेकटी वस्तू पाहिलेली असेल. येथे मूर्ती भिंतीचा भाग म्हणून कशी बसते, तिच्यावर ऊन कोणत्या बाजूने येते आणि पाऊस कोणता भाग आधी खातो, हे त्यांना प्रत्यक्ष दिसेल. पूर्वेकडची बाजू सकाळी आणि पश्चिमेकडची दुपारनंतर पाहावी, म्हणजे तिरप्या उन्हात कोरीव काम ठसठशीत दिसते. मंदिर पूजेत आहे, म्हणून चपला, आवाज आणि छायाचित्रे यांबाबत तेथील नियम मुलांना आधीच सांगून ठेवावेत. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तेथे मोठी गर्दी असते. सहलीसाठी हे दिवस टाळावेत.